अठरा वेळा मेलेला रुग्ण

१

रुग्ण अठरा वेळा मेला होता आणि त्याबद्दल कोणालाच काही वाटत नव्हते. कारण तो मुळात नव्हताच. इडा मॅक्लेलनला खटकले ते वेगळेच. एकोणिसाव्या वेळी तो वाचला होता.

सोमवार होता, मार्चचा दुसरा आठवडा. कॅनडातल्या थंडर बेच्या टेकडीवरल्या वैद्यकीय महाविद्यालयात इडा आपल्या खोलीत आकड्यांसमोर बसली होती आणि खिडकीखाली सुपीरियर सरोवर अजून दगडासारखे गोठलेले होते. इडा संख्याशास्त्रज्ञ. वय चोपन्न. गेली दोन वर्षे तिने आभासी वास्तवातून वैद्यक शिकवण्याविषयीचे जगभरातले शोधनिबंध वाचून काढले होते. दरवर्षी त्यांची संख्या फुगत होती आणि बहुतेकांचा शेवट एकाच प्रश्नावर होत होता: विद्यार्थ्यांना आवडले का? विद्यार्थ्यांना नेहमीच आवडलेले असे. "आइस्क्रीमही आवडतं," इडा म्हणायची. "म्हणून कोणी आइस्क्रीमने शस्त्रक्रिया शिकवत नाही."

म्हणूनच हा प्रयोग तिच्या मर्जीतला होता. अठ्ठेचाळीस विद्यार्थी, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट. कौशल्य एकच: फुप्फुसाभोवती हवा कोंडलेल्या रुग्णाच्या छातीत नळी घालून त्याला श्वास मिळवून देणे. एका गटाने ते हेडसेट लावून आभासी रुग्णावर शिकायचे, दुसऱ्याने जुन्या रबरी पुतळ्यावर. पुतळ्याच्या गटाने हेडसेटला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. शुक्रवारी दोन्ही गटांची एकत्र परीक्षा होणार होती, आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

नियम मोडला गेला होता. सात नंबरच्या हेडसेटवर चार आठवडे, शनिवार-रविवार आणि फेब्रुवारीतली कुटुंबदिनाची सुट्टी वगळून रोज सकाळी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान, कोणीतरी त्या आभासी रुग्णाच्या छातीत नळी घालत होते. अठरा प्रयत्नांत अठरा मृत्यू. गेल्या शुक्रवारी यश.

प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव होते: साइमी कोस्किनेन. पुतळ्याचा गट.

इडाने नियमाप्रमाणे प्रयोगाच्या प्रमुख डॉ. नाडीन फोर्टिये यांना कळवले. नाडीनने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "शिस्त समिती शुक्रवारी सकाळी नऊला बसेल. साइमीच्या नावावर गैरवर्तनाचा शेरा पडला, की उत्तरेकडच्या तिच्या गावातलं हॉस्पिटल तिला घेणार नाही. पोरगी त्या एका जागेसाठी सहा वर्षं राबली आहे गं."

"माझ्या आकड्यांनी ते नाव दिलंय," इडा म्हणाली. "पण आकडा खोटं बोलत नसला, तरी विचारलं तेवढंच सांगतो. मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

"दिला. एकच अट. प्रोफेसर मेल्निकच्या कानावर एक अक्षर जाता कामा नये."

२

ही अट प्रत्येकाला तोंडपाठ होती. शरीररचनाशास्त्राचे प्रोफेसर ओरेस्ट मेल्निक हे शुक्रवारचे परीक्षक होते. कोणता विद्यार्थी कोणत्या गटातला हे परीक्षकाला कळले, तर त्याचे गुण नकळत एका बाजूला झुकतात. म्हणून त्यांना काही सांगायचेच नाही असे ठरले होते. त्यातून मेल्निक आभासी वास्तवाचे कट्टर विरोधक. चाळीस वर्षे त्यांनी खरी देहदानाने आलेली शरीरे समोर ठेवून शिकवले होते आणि हेडसेटला ते "मुलांच्या तोंडावर बांधलेला घोड्याचा तोबरा" म्हणत. त्यामुळे ते कॅन्टीनमध्ये शिरले, की सगळ्या टेबलांवरचे बोलणे तुटे आणि कोणीतरी घाईने आइस हॉकीचा विषय काढी.

त्या दुपारीही तसेच झाले. मेल्निक आले: एकाहत्तर वर्षांचे, उंच, जाड भिंगांचा चष्मा, डाव्या मनगटाला निळी पट्टी. बुटांच्या तळांना बांधलेले खिळ्यांचे पट्टे फरशीवर खड्खड् वाजत होते.

"काय तो शनिवारचा गोल!" नाडीन एकदम ओरडली. तिला हॉकीतले ओ की ठो कळत नव्हते.

"पट्टे कुठे तुझे, मॅक्लेलन?" मेल्निकनी इडाच्या बुटांकडे पाहत विचारले. "मार्चचं बर्फ सगळ्यांत लबाड. तीस वर्षं झाली, मी हे बांधतो. एकदा घसरलो नाही."

"आणि मनगट?"

"ते... घसरलो," मेल्निक म्हणाले आणि सुपाकडे वळले.

संध्याकाळी साइमी कोस्किनेन इडाच्या खोलीत आली. सहा फूट उंच, पिवळी वेणी.

"सकाळी सातला कुठे होतीस?"

"झोपले होते."

"साक्षीदार?"

"उशी." साइमी हसली आणि लगेच तिचा चेहरा पडला. "मॅडम, मी त्या हेडसेटला एकदाच हात लावला. गट पडायच्या आधी, सगळ्यांच्या डोक्याची मापं घेतली तेव्हा. मला सगळ्यांत शेवटी बोलावलं होतं. तो पुतळा माझ्या स्वप्नात येतो हो! त्याच्या बरगड्यांना मी नावं ठेवली आहेत. चोरून शिकायचंच असतं, तर अठरा वेळा मारलं असतं का मी माणसाला?"

हा मुद्दा इडाला पटला. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

"तुला कोणी सांगितलं, की अठरा वेळा मेला म्हणून?" तिने हळूच विचारले.

साइमी वेणीचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

३

"डॉ. फोर्टियेंच्या टेबलावर कागद उलटा ठेवला होता," ती शेवटी पुटपुटली. "मला उलटं वाचता येतं. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकच वर्तमानपत्र असायचं आणि ते आजोबांकडे."

इडाने दुसऱ्या दिवशी स्वतः नाडीनच्या समोरच्या खुर्चीत बसून पाहिले. कागदावरचे आकडे उलटे असूनही खरोखर वाचता येत होते. एक शंका गेली.

हेडसेट नुसता चित्र दाखवत नाही. लावणाऱ्याचे डोके जमिनीपासून किती उंच आहे आणि कुठे वळते आहे, हे तो सेकंदाला नव्वद वेळा टिपतो. सकाळच्या पाहुण्याचे डोळे जमिनीपासून एकशे बहात्तर सेंटिमीटरवर होते. साइमीचे तेवढेच. दुर्दैवाने.

हेडसेटच्या खोलीचा तंत्रज्ञ बर्ट सालो हा पाच फूट तीन इंच होता.

"चार आठवडे रोज अर्धा तास टाचा उंचावून उभा राहीन का मी, बाई?" त्याने विचारले. "आणि राहिलो असतो, तर पगारवाढ मागितली असती."

"ते सोड. सकाळी खोलीचं दार कोण उघडतं?"

"मी. साडेसहाला. हेडसेट चार्जिंगला लावतो."

"आणि मग?"

बर्टने टेबलावरचा खोका तिच्याकडे सरकवला. आत गुलाबी साखरी लेपाचे पर्शियन होते. या गावात हा तळलेला गोड पाव हा नाश्ताही असतो आणि लाचही.

"मग मी हे आणायला जातो," तो म्हणाला. "साडेसातपर्यंत परत. दार... उघडंच राहतं. नाडीनबाईंना नका सांगू. त्यांनी किल्लीवर अडीच पानी नियमावली लिहिली आहे."

"सात नंबर कोण वापरतं?"

"कोणीच नाही. एक ते सहा विद्यार्थ्यांना. सात जास्तीचा. मापं घेतल्यापासून तो कपाटाच्या कडेला पडून आहे."

"नाव न घालता सुरू होतो?"

"शेवटी ज्याचं नाव घातलं, तेच धरून बसतो. म्हाताऱ्या सासूसारखा."

इडाने पर्शियन चावला. मापाच्या दिवशी शेवटी बोलावली गेलेली मुलगी: साइमी. म्हणजे नाव हेडसेटचे होते, माणसाचे नव्हे. कोणीही उंच माणूस उघड्या दारातून आत येऊन साइमी कोस्किनेन झाला असता. पण समितीपुढे "कोणीही" हा आरोपी चालत नाही.

हेडसेट बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी ग्रेडन पाइक उंच होता. त्याला प्रयोग जिंकायचाही होता. इडाला त्याने टोरांटोहून फोनवर सांगितले, "मी? अठरा वेळा? मॅडम, मी हे डोळे मिटून चार मिनिटांत करतो. मला सात दिवसांचा पगार देऊन हरायला सांगितलं, तरी तो रुग्ण माझ्या हातून मरणार नाही. माझी अब्रू आहे."

इडाने त्याची जुनी प्रात्यक्षिके तपासली. चार मिनिटे, दहा सेकंद. अवघड विद्या येणारा माणूस एकदा मुद्दाम चुकेल. रोज नव्या ठिकाणी, प्रामाणिकपणे, वाढत्या कौशल्याने चुकणार नाही. आणि त्या नोंदीतल्या चुका तर फारच विचित्र होत्या. हात बिनचूक जागी जाई, अगदी योग्य बरगडीच्या वरच्या कडेला. मग पडद्यावर सूचना उमटे, आणि पाहुणा ती सरळ दुर्लक्षून पुढे जाई.

बुधवारी इडाने डोक्याच्या हालचालींचे सगळे आलेख एकाखाली एक मांडले आणि खुर्चीतून उठली.

तीन गोष्टी होत्या. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, सात वाजून दोन मिनिटांनी, डोके एकशे बहात्तरवरून थेट पन्नासवर आले होते. पाहुणा पडला होता. पडण्यापूर्वी त्याचे हात आभासी टेबलाच्या कडेवर होते: जे टेबल नव्हते, त्यावर तो टेकला होता.

शेवटच्या शुक्रवारी, रुग्ण वाचल्यानंतर, डोके एका लयीत वरखाली होत गोल फिरले होते. एकेचाळीस सेकंद. याचा अर्थ इडाला लागेना.

आणि तिसरी गोष्ट. प्रत्येक दिवशी, सुरीला हात लावण्यापूर्वी, डोके थोडे खाली जाई आणि स्थिर राही. इतके दिवस तिने तो यंत्राचा दोष मानला होता. दोष एवढा नेमका नसतो. नऊ सेकंद. एकोणीसच्या एकोणीस वेळा, नऊ सेकंद.

४

गुरुवारी दुपारी देहदात्यांची स्मरणसभा होती. दरवर्षी मार्चमध्ये ती होते. ज्यांच्या आईवडिलांनी, नवऱ्यांनी, बायकांनी आपले शरीर महाविद्यालयाला दिले, ती कुटुंबे येतात आणि विद्यार्थी त्यांना आपल्या हाताने कॉफी देतात. इडा मागच्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती होती आणि तिच्यापाशी एक उंची, एक आपटी, एक गिरकी आणि नऊ सेकंद एवढाच ऐवज होता.

लाल टोपी घातलेली एक आजी व्यासपीठावर आली. "आमचा आर्नी आयुष्यभर कोणाच्या उपयोगी पडला नाही," ती म्हणाली. "शेवटी एकदम चोवीस जणांच्या पडला. त्याला कळलं असतं, तर फार मिजास केली असती त्याने." सगळे सभागृह हसले, आणि हसता हसता काहींनी डोळे पुसले.

मग मेल्निक उठले. नेहमीप्रमाणे ते एवढेच म्हणाले, "आम्ही रोज करतो, ते आज तुमच्यासमोर करू."

पहिल्या वर्षापासून तेच शिकवत: शरीराला सुरी लावण्यापूर्वी मान खाली घालायची आणि मनात आभार मानायचे. दोनशे माना खाली गेल्या. इडाला मान खाली घालून मोजायची खोड होती. चार सेकंदांनी पहिल्या रांगेतली डोकी वर आली. सहाव्या सेकंदाला साइमीचे. सातव्याला नाडीनचे. एकच पांढरे डोके खालीच होते.

आठ. नऊ.

मेल्निकनी मान वर केली.

इडाने कॉफीचा कप सावकाश खाली ठेवला. खिळ्यांचे पट्टे बांधणारा, तीस वर्षांत न घसरलेला माणूस. डाव्या मनगटाची पट्टी. एकशे बहात्तरच्या आसपासचे डोळे. आणि ज्याला महाविद्यालयात कोणीही, कधीही, काहीही सांगत नव्हते, असा एकमेव माणूस.

पण ते परीक्षक होते. प्रयोगाबद्दल त्यांच्याशी अवाक्षर बोलणे हाच गुन्हा होता. विचारले, तर प्रयोग बुडणार. न विचारले, तर साइमी.

५

"प्रोफेसर, मनगट कसं आहे?" इडाने त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारले.

"बरं आहे. बर्फ फार लबाड—"

"बुटांना पट्टे होते ना?"

मेल्निकनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "होते," ते म्हणाले.

"मग बर्फावर नाही पडलात. टेबलावर टेकलात. टेबल नव्हतं."

मेल्निकांचे कान हळूहळू लाल झाले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात, हे इडाने पूर्वी कोठे वाचले नव्हते.

"मला तुम्हाला काही सांगता येत नाही," ती पुढे म्हणाली. "का, तेही नाही. फक्त दोन प्रश्न. किती वेळा मेला तो?"

"अठरा," मेल्निक म्हणाले.

हा आकडा या इमारतीत फक्त तीन माणसांना ठाऊक होता, आणि त्यांतले हे एक नव्हते.

"त्या तोबऱ्याची मी इतके दिवस टिंगल केली," ते बोलू लागले. त्यांना आता थांबवणे कठीण होते. "मग एके दिवशी वर्गात म्हणालो, न तपासता मत देणारा डॉक्टर हा नुसता मोठ्या आवाजाचा माणूस. आणि माझ्याच तोंडून ते ऐकून मला माझी लाज वाटली. दार उघडं दिसलं. कोपऱ्यात पडलेला एक उचलला. म्हटलं, एकदाच बघू. आणि पहिल्याच दिवशी मेला की तो! बरगडी बरोबर, जागा बरोबर, आणि गडी निळा पडून मोकळा!"

"सूचना वाचल्या नाहीत?"

"वाचणार कशा? चष्म्यावर तो बसत नाही, आणि चष्म्याशिवाय दोन हातांवरचं मला धुकं. काहीतरी लाल अक्षरं नाचायची. मला वाटायचं, शोभेला आहेत."

"म्हणजे सुरुवातीला नाव उमटतं, तेही—"

"नाव? कसलं नाव?"

इडाने तीन दिवसांत प्रथमच पूर्ण श्वास घेतला. परीक्षकाला काहीही माहीत नव्हते. प्रयोग शाबूत होता.

"आणि एकोणिसाव्या वेळी?" तिने विचारले. हा तिसरा प्रश्न होता, आणि पुराव्यासाठी त्याची गरज नव्हती.

मेल्निक खिडकीकडे पाहू लागले. "बघणं सोडून दिलं. त्याचा श्वास ऐकायला लागलो. कुठे अडतो, कुठे सुटतो. नळी आत गेली आणि हवा सुटली, फुस्स! छाती वर आली त्याची." ते वळले, तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा होता. "मॅक्लेलन, चाळीस वर्षं माझ्यासमोर जो आला, तो आधीच गेलेला असायचा. माझ्या हातून पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं गं!"

"मग तुम्ही नाचलात."

"तेही टिपतो तो चहाडखोर?"

"एकेचाळीस सेकंद."

"कोलोमिका," मेल्निक अभिमानाने म्हणाले. "आम्ही युक्रेनी लोक लग्नात हा नाच करतो. गुडघ्यांमुळे अर्धाच केला."

सात नंबर आपण वापरला, एवढेच एका चिठ्ठीवर तारखा घालून लिहून द्यायला इडाने सांगितले. का, हे मेल्निकनी विचारले नाही. फक्त जाताना म्हणाले, "एक सांग. या कॉलेजात सगळ्यांना एकदम हॉकीचं वेड का लागलंय? मी दिसलो, की चेकाळतात."

"सोमवारी सांगते," इडा म्हणाली.

६

शुक्रवारी सकाळी शिस्त समितीचे काम सात मिनिटांत आटोपले. इडाने उंची, आपटी आणि नऊ सेकंद यांचे आलेख मांडले, चिठ्ठी ठेवली, आणि समितीच्या अध्यक्षांनी शेऱ्याचा कोरा कागद दोनदा फाडून टोपलीत टाकला. नाडीन इडाला कडकडून भेटली. इडा अशा भेटींना सरावलेली नव्हती. ती आकड्यांचे कागद धरून तशीच उभी राहिली.

दुपारी परीक्षा झाली. प्रत्येक विद्यार्थ्याने नव्या पुतळ्यावर नळी घालायची आणि मेल्निकनी गुण द्यायचे. साइमी सतरावी. आपल्याला कोणी, का आणि कसे सोडवले, हे त्या नऊ सेकंदांसकट तिला सकाळीच कळले होते; परीक्षकासमोर तिला त्यातले काहीही बोलता येत नव्हते. ती पुतळ्यापाशी गेली, हातमोजे चढवले, सुरी उचलण्यापूर्वी थांबली. आणि रबराच्या त्या निर्जीव ठोकळ्यासमोर तिने मान खाली घातली.

काचेआडून इडा मोजत होती. नऊ.

मेल्निकनी गुणपत्रिकेवर पेन टेकवले, रकाने वरपासून खालपर्यंत शोधले. त्या कामाला रकाना नव्हता. त्यांनी पेन उचलले आणि चष्मा पुसला.

सोमवारी, गुणपत्रिका मोहोरबंद झाल्यावर, त्यांना सगळे सांगण्यात आले. ते तडक बाहेर पडले आणि तासाभराने गुलाबी पर्शियनचे दोन खोके घेऊन साइमीसमोर उभे राहिले.

"पोरी, तुझ्या नावावर अठरा माणसं मारली मी," ते म्हणाले. "तुझं गाव, तुझी जागा, सगळं घालवून बसलो असतो."

"एकाला वाचवलंत, तोही माझ्याच नावावर आहे, प्रोफेसर," साइमी म्हणाली. "तो मी ठेवते. आणि एक खोकाही."

"दोन्ही घे."

"मग पुढच्या वेळी पूर्ण नाच करा. अर्धा बरा नाही दिसत नोंदीत."

बर्टच्या खोलीच्या दाराला त्याच दिवशी आपोआप बंद होणारे कुलूप बसले. नियमावली साडेतीन पानांची झाली. मेल्निकनी चष्म्यावर बसणारा हेडसेट मागवण्यासाठी अर्ज केला, आणि कारणाच्या जागी लिहिले: "विरोध अधिक अभ्यासपूर्ण करण्यासाठी."

इडाने शोधनिबंधाच्या मसुद्यात एक तळटीप घातली: कोणत्याही गटात नसलेली एक व्यक्ती, वय एकाहत्तर, विश्लेषणातून वगळली आहे. मग तिने शेवटच्या शुक्रवारचा आलेख मोठ्या कागदावर छापला आणि आपल्या टेबलासमोर भिंतीवर लावला. एक रेघ, वर आणि खाली, वर आणि खाली, लयीत, एकेचाळीस सेकंद.

"हे काय?" नाडीनने विचारले.

"विद्यार्थ्याला आवडलं का, या प्रश्नाचं उत्तर," इडा म्हणाली. "पहिल्यांदाच कोणीतरी ते नीट मोजलंय."